जामीन राहू की नको? पवित्र शास्त्रातून उत्तर कसे शोधावे

चुलतभावाला पतसंस्थेतून पाच लाखांचे कर्ज काढायचे आहे आणि जामीनदार म्हणून तुमची सही हवी आहे. सोमवारपर्यंत कळवायचे आहे. अशा वेळी अनेक विश्वासणारे प्रार्थना करतात, डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडतात आणि बोट पडेल ते वचन आपल्याला दिलेले उत्तर मानतात. कृपा करून असे करू नका. चिठ्ठी टाकायला शास्त्राची गरज नसते. तीन संध्याकाळी पाऊण-पाऊण तास बसलात, तरी या प्रश्नाचे काम नीट होते.

प्रश्न वहीत एका ओळीत लिहा. ‘देवाची माझ्यासाठी काय इच्छा आहे’ हा प्रश्न हातात मावत नाही. ‘या कर्जाला मी जामीन राहावे का’ हा मावतो.

मग शास्त्राने ज्याचा निकाल आधीच दिला आहे ते बाजूला काढा. भाऊ म्हणत असेल की अर्जात पगार वाढवून लिहू, तर पुढे शोधण्यासारखे काही उरत नाही. खोटी साक्ष मना आहे.

आता उतारे गोळा करा. शब्दसूचीत किंवा मोबाईलवरच्या शास्त्रात जामीन, कर्ज, उसने, गहाण असे चार-पाच शब्द शोधा. भाषांतरागणिक शब्द बदलतात, म्हणून जवळ दोन भाषांतरे ठेवा. हाती साधारण एवढे लागेल: नीतिसूत्रे ६:१-५, ११:१५, १७:१८ आणि २२:२६-२७, उत्पत्ती ४३:८-९, मत्तय ५:४२, लूक ६:३४-३५, फिलेमोन १८-१९.

इथवरचे काम तासाभराचे. खरी अडचण पुढे आहे, आणि बहुतेकांची चूकही तिथेच होते: सापडलेले वचन त्याच्या जागेवर ठेवून वाचणे.

यादी पुन्हा पाहा. नीतिसूत्रे म्हणतात, जामीन राहू नकोस. मत्तयात प्रभू म्हणतो, जो उसने मागतो त्याला पाठमोरा होऊ नकोस. ज्याला सही टाळायची आहे तो पहिले उचलतो, ज्याला भावाचे मन मोडवत नाही तो दुसरे. दोघांनीही शास्त्राला विचारलेले नसते. मनात ठरलेल्या गोष्टीवर त्यांनी फक्त वचनाचा शिक्का मारून घेतलेला असतो. प्रभूची परीक्षा घेताना सैतानानेही ९१ वे स्तोत्र अचूक म्हणून दाखवले होते. प्रभूने त्याला अनुवाद ६:१६ ने उत्तर दिले, म्हणजे एका वचनापुढे दुसरे ठेवून त्याची मर्यादा दाखवली.

म्हणून प्रत्येक उताऱ्याला हे प्रश्न विचारा: कोण बोलतोय, कोणाला, आधी आणि नंतर काय आहे, आणि हे लिखाण कोणत्या प्रकारचे आहे. कमीत कमी पूर्ण अध्याय वाचा. पत्र असेल तर सगळे पत्र वाचा. फिलिप्पैकरांस पत्रात १०४ वचने आहेत, मोठ्याने वाचायला वीस मिनिटेही लागत नाहीत. याच पत्रातले ‘मला सर्व काही शक्य आहे’ म्हणत कर्जाच्या कागदावर सही करणाऱ्याने ४:११-१२ आधी वाचावे. पौल तिथे तुरुंगातून लिहितो आहे, आणि ते सामर्थ्य उपाशी राहतानाही तृप्त असण्याचे आहे.

कोण बोलतोय हे न पाहिल्याने तर फार घोटाळे होतात. आरंभ लहान असला तरी शेवट मोठा होईल, हे ईयोब ८:७ नव्या वर्षाच्या वचनाच्या कार्डांवर हमखास सापडते. बोलणारा ईयोबाचा मित्र बिल्दद आहे. तीनच वचने आधी त्याने ईयोबाला सुनावले आहे की तुझी मुले त्यांच्या पापामुळे मेली. आणि ४२:७ मध्ये देव या मित्रांना म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. असे वचन भिंतीवर लावून धंद्याचे निर्णय घेऊ नका.

लिखाणाचा प्रकार तितकाच महत्त्वाचा. नीतिसूत्रे ही शहाणपणाची वचने आहेत, कायद्याची कलमे नव्हेत. २६:४ म्हणते मूर्खाला उत्तर देऊ नको, लगेच २६:५ म्हणते दे. कोणते कधी लागू, हे ओळखणे वाचणाऱ्याचे काम.

आता जामिनाचे उतारे असे वाचा. नीतिसूत्रे २२:२७ इशाऱ्याचे कारण सांगते: फेडायला काही नसेल, तर तुझ्या अंगाखालचे अंथरूण का काढून न्यावे? उलट यहूदा धाकट्या भावासाठी, बन्यामिनासाठी, स्वतः जामीन राहिला आणि उत्पत्ती ४४:३३ मध्ये खरोखर गुलाम म्हणून राहायला पुढे आला. फिलेमोनाचा दास अनेसिम याचे देणे मी फेडीन, असे पौलाने स्वतःच्या हाताने लिहिले. दोघांनाही किंमत ठाऊक होती आणि ती द्यायची तयारी होती. म्हणजे प्रश्न असा उरतो: भावाने एकही हप्ता भरला नाही, तर घर न मोडता तुम्ही पाच लाख भरू शकता का? भारतीय करार कायदा, १८७२ नुसार जामीनदाराची जबाबदारी साधारणपणे कर्जदाराइतकीच असते. उत्तर ‘नाही’ असेल, तर परवडेल तेवढी रक्कम परतफेडीची आशा न धरता हातावर ठेवा. लूक ६:३५ चा रोख तोच आहे.

‘मनाला शांती वाटली’ हा पुरावा धरू नका. संदेष्टा योना देवाची आज्ञा मोडून पळत होता. तार्शीशला जाणारे जहाज त्याला नेमके मिळाले, आणि वादळातही तो गाढ झोपला होता. उघडे दार आणि शांत झोप, दोन्ही त्याच्याजवळ होती.

पती किंवा पत्नीशी आधी बोला. मग मंडळीतल्या दोन जाणत्यांना विचारा, आणि कोणत्या उताऱ्यावरून सांगता तेही विचारा. बिरुया शहरातल्या लोकांनी पौलाचेही बोलणे शास्त्राशी ताडून पाहिले होते. पाळकांना याचा राग येण्याचे कारण नाही.

निर्णय आणि त्यामागचे उतारे वहीत तारखेसह लिहा, आणि भावाला सोमवारच्या आत स्वतः भेटून सांगा.

सही आधीच झाली असेल, तर नीतिसूत्रे ६:३-५ तुमच्यासाठी आहे: झोपायच्या आधी जा, नम्र हो, विनवणी कर. कर्ज अजून उचलले नसेल तर जामीन मागे घेण्याबद्दल संस्थेला आजच लेखी विचारा. उचलले असेल तर जामीनदार बदलता येतो का ते लेखी विचारा, आणि दर महिन्याची हप्त्याची पावती भावाकडून मागून घ्या.