हस्ताक्षरी वळणाचा फॉन्ट वापरताना या चुका टाळा

हुरड्याच्या हंगामात परभणी, लातूर, छत्रपती संभाजीनगर या भागांत रस्त्याकडेला 'हुरडा पार्टी'चे फलक दिसू लागतात, आणि शेतावरच्या घरगुती पाहुणचारासाठी हाताने लिहिल्यासारखे अक्षर निवडणे अगदी योग्य असते. काम बिघडते ते त्यानंतर.

पॅसिफिको किंवा कॅव्हेट यांसारख्या फॉन्टचे रोमन नमुने पाहून निवड केली जाते. परंतु त्यांत देवनागरी अक्षरेच नसल्यामुळे सॉफ्टवेअर मराठी मजकुरासाठी परस्पर दुसराच फॉन्ट वापरते किंवा रिकामे चौकोन दाखवते. त्यापेक्षा देवनागरी असलेला कलम किंवा तिल्लाना घ्यावा. हे दोन्ही मुक्त परवान्याचे असल्याने व्यावसायिक छपाईलाही चालतात; 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असे बजावलेले फॉन्ट मात्र दुकानाच्या पाटीवर चालत नाहीत. निवडीपूर्वी नेमका आपलाच मजकूर टाकून 'श्री', 'ज्ञ', 'ळ', 'र्टी' आणि विशेषतः 'दुसऱ्या'मधला 'ऱ्या' तपासावा. तेथे रफार दिसल्यास आधी टंकलेखन पाहावे, कारण साध्या 'र'ऐवजी नुक्ता असलेला 'ऱ' घ्यावा लागतो.

फोटोशॉपमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली किंवा जोडाक्षर हलन्तासह फुटले, तर दोष बहुधा फॉन्टचा नसतो. टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये पर्याय दिसत असेल तर 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडावा (आणखी जुन्या आवृत्त्यांत 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन'), आणि आधीच लिहिलेल्या मजकुराला परिच्छेदाच्या पॅनेलमधून तीच अक्षरमांडणी लावावी. जुन्या, युनिकोडपूर्व (अक्षरांची आजची सर्वमान्य सांकेतिक पद्धत येण्यापूर्वीच्या) फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर मात्र फॉन्ट बदलताच निरर्थक चिन्हांत बदलतो; तो आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावाच लागतो.

ओळ रुंद दिसावी म्हणून अक्षरांतील अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. रुंदी हवी असेल तर अक्षराचा आकार वाढवावा.

छपाईला फाइल देताना मजकूर कर्व्हमध्ये (म्हणजे फॉन्टवर न विसंबणाऱ्या आकारांत) बदलला नाही, तर समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसल्यास सारी मेहनत वाया जाते. बदलल्यानंतरही बाह्यरेषा दिली की काना, मात्रा आणि शिरोरेषा जिथे एकमेकांवर येतात तिथे आडव्या-उभ्या रेघा उमटू शकतात, आणि रेडियम कटिंगमध्ये (स्टिकरच्या कागदातून अक्षरे कापताना) तर यंत्र अक्षराच्या पोटातूनच पाते फिरवते. कोरलड्रॉमध्ये हे आकार 'वेल्ड' करावेत, म्हणजे जोडून एकसंध करावेत. त्याआधी मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवावी, कारण कर्व्ह झालेल्या मजकुरातील शुद्धलेखन पुन्हा टंकून सुधारता येत नाही, आणि ग्राहकाला चूक नेमकी त्याच वेळी सापडते.

हलत्या वाहनातून वाचायच्या फलकावर हे वळण दोन-तीन शब्दांपुरतेच ठेवावे; गावाचे नाव, अंतर, दर आणि मोबाइल क्रमांक साध्या, जाड, सरळ फॉन्टमध्येच द्यावेत.