दत्तक गेलेल्यांनी जन्मदात्या आईचा शोध कसा घ्यावा

शोधाची सुरुवात घरातल्या कपाटापासून करा. दत्तक आईवडिलांकडे कोर्टाचा हुकूम, दत्तक देणाऱ्या संस्थेची पत्रं, बालक अभ्यास अहवाल, वैद्यकीय तपासणीचा कागद यांतलं काहीतरी बहुधा असतं. परदेशी गेलेल्यांचा घोटाळा इथेच होतो. जुन्या प्रकरणांत भारतीय कोर्टाने दत्तकाचा नव्हे, १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली पालकत्वाचा हुकूम दिलेला असतो; दत्तकविधान तिकडच्या देशात झालेलं असतं. इथे 'दत्तक हुकूम' मागितला की 'नोंद नाही' असं उत्तर येतं. कोर्टाचं नाव, प्रकरण क्रमांक आणि वर्ष लिहून नक्कल मागा.

मग मूल संस्थेत कसं आलं ते बघा. आईने स्वतः सोपवलं असेल तर सरेंडर डीड (मूल सोपवल्याचा दस्त) असते, तिच्यावर नाव, पत्ता, सही किंवा अंगठा. (अविवाहित आईने दिलेला पत्ता खरा असेलच असं नाही.) सापडलेलं मूल असेल तर पोलीस ठाण्याची नोंद शोधायची, गुन्हा दाखल झाला असेल तर तेव्हाच्या भादंवि (भारतीय दंड विधान) ३१७ खाली. अशा फायलीत आईचं नाव बहुधा नसतं. बाळाचं नाव संस्थेने ठेवलेलं आणि जन्मतारीख डॉक्टरांनी अंदाजाने घातलेली असते, म्हणून त्या एका तारखेवर भिस्त ठेवून इस्पितळाची रजिस्टरं चाळू नका.

आता अर्ज. वय १८ पूर्ण असेल तर एकट्याने, नसेल तर दत्तक आईवडिलांसह. तो मूळ संस्थेकडे (ससूनमधलं श्रीवत्स, पंढरपूरचा नवरंगे बालकाश्रम, जी असेल ती) किंवा 'कारा'कडे (दत्तकाचं काम बघणारं केंद्र सरकारचं प्राधिकरण) करावा. परदेशातून तिथल्या दत्तक एजन्सीमार्फत किंवा भारतीय वकिलातीमार्फत. संस्था बंद पडली असेल तर त्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात चौकशी करा. सोबत ओळखपत्र, हुकुमाची प्रत, लहानपणीचा फोटो जोडा. आजारांची माहिती हवी, पत्र पोचवायचंय की भेट हवी, हे वेगवेगळं लिहा. भेटीला नकार आला तरी बाकीचं मिळू शकतं.

दत्तक नियमांत त्रयस्थाला शोधाची परवानगी नाही, त्यामुळे खासगी गुप्तहेराच्या नादी लागू नका. आईने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर आधी तिची संमती घेतली जाते. तिने नकार दिला किंवा ती सापडलीच नाही, तर मूल कोणत्या परिस्थितीत सोपवलं ते सांगितलं जातं.

डीएनए चाचणी जोडीला करा, पण चाचणी कंपन्यांच्या यादीत आपल्याकडचे लोक कमी. जुळणी सेंटिमॉर्गनमध्ये (दोघांचा किती डीएनए सारखा आहे ते मोजायचं एकक) मोजतात: आई किंवा वडील सुमारे ३४००, सावत्र भावंडं (आई किंवा वडील एकच असलेली) १७०० च्या आसपास, सख्खी चुलत-मावस भावंडं ८५० च्या. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या घराण्यांत आणि एकाच जातीतल्या सोयरिकींत आकडा फुगतो, लांबचा नातेवाईक जवळचा वाटतो. बेरजेपेक्षा जुळलेल्या डीएनएचा सर्वांत लांब सलग तुकडा किती आहे ते बघा.

पत्ता मिळाला तरी फोटो घेऊन गावात जाऊ नका. चावडीवर किंवा पोलीस पाटलाकडे नाव विचारलं की संध्याकाळपर्यंत घरोघर पोचतं, आणि आईच्या सासरी यातलं काहीच ठाऊक नसू शकतं. पहिला निरोप संस्थेच्या समाजसेविकेने, आई एकटी असताना, येण्याचं कारण दुसऱ्या कुणाला न सांगता द्यावा. तिला वेळ हवा असेल तर आपलं पत्र आणि पत्ता फायलीत लावून ठेवा. मोबाइल नंबर बदलला की संस्थेला लेखी कळवा.