कापडी डायपर मांडीतून गळत होता, तो असा थांबला

बाळ तीन आठवड्यांचं, वजन साडेतीन किलो. पाऊण तासात मांडीकडून झबलं ओलं, पण डायपर उघडला तर आतल्या पॅडचा मागचा अर्धा भाग कोरडा.

दोन पॅड घातले, तर मांडीपाशी फट वाढली. कंबर आवळली, तर पोटावर वळ उठले. रात्री तीनला चौथं दुपटं बदलताना डोकं फिरतं.

दोष दोन निघाले. नव्या सुती पॅडवर कापसाचा नैसर्गिक तेलकटपणा असतो, पाणी वरूनच ओघळतं. आणि ‘फ्री साइज’ डायपर लेबलवर काहीही लिहिलेलं असो, साधारण साडेचार किलोपर्यंत मांडीला सैलच बसतो.

आधी पॅड साध्या पावडरीने पाच वेळा धुऊन दर वेळी वाळवले. सॉफ्टनर अजिबात नाही, त्याचा थर शोषण मारतो. मग चमचाभर पाणी ओतून पाहिलं: लगेच मुरलं म्हणजे तयार. पुढची उंचीची बटणं (डायपर लहान-मोठा करणारी) सर्वांत लहान मापाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या ओळीत लावली. एकच पॅड, पुढचं टोक दुमडून (मुलगा असेल तर ओल पुढेच येते). इलॅस्टिक मांडीवर नव्हे, जांघेच्या घडीत बसवलं, चड्डीच्या कडेसारखं. पॅडची कड बाहेर डोकावत असेल तर बोटाने आत सारायची. तेवढ्या धाग्यानेही झबलं भिजतं. कंबरेत दोन बोटं सहज जावीत.

आता दोन तास कोरडं राहतं. त्यापुढे ताणू नये. नाळ पडली नसेल तर पुढची कड नाळेखाली दुमडा. मायक्रोफायबरचं (बारीक कृत्रिम धाग्याचं) पॅड थेट कातडीला लावू नका, कातडी कोरडी पडते.