पुण्यात कॉलेजला नवीन आलायत? आजारी पडायच्या आधी एवढं करून ठेवा

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये गाद्या, बादल्या, बॅगा घेऊन पोरं-पोरी पुण्यात उतरतात, सगळं लक्ष ॲडमिशन, फी आणि रूमच्या डिपॉझिटमध्ये असतं, आणि तब्येतीचा विषय निघतो तो डायरेक्ट ताप भरल्यावर. मग रात्री अकराला डॉक्टर कुठे शोधायचा, पैसे किती लागतील, घरी सांगायचं की नाही, सगळं एकदम अंगावर येतं. म्हणून बरं वाटतंय तेव्हाच सोय लावून ठेवा, हे मी भेटेल त्या नवीन मुलाला सांगते.

मेसपासून सुरू करू. महिन्याचे पैसे एकदम भरू नका, आधी दोन-तीन ठिकाणी एकेक वेळ जेवून बघा, तिथे जेवणाऱ्या जुन्या मेंबरना विचारा, खाडे धरतात का आणि किती आधी सांगावं लागतं ते क्लिअर करून घ्या. पोळ्या अनलिमिटेड आहेत का हे सगळेच विचारतात, त्यापेक्षा उसळ आठवड्यातून किती वेळा असते ते विचारा. बटाट्याची भाजी, पातळ वरण आणि भात यावर पोट भरतं पण अंगाला पुरेसं प्रोटीन मिळत नाही, आणि दोन महिन्यांनी दम लागतो, झोप येत राहते, लेक्चरला डोकं चालत नाही. रूमवर फुटाणे, शेंगदाणे, गूळ ठेवा, अंडी चालत असतील तर खा, रोज एक वाटी दही घ्या. जेवल्या जेवल्या चहा नको, जेवणातलं लोह शरीराला नीट मिळत नाही त्याने. सारखा थकवा असेल तर हिमोग्लोबिन तपासा, मुलींचं १२ च्या खाली आणि मुलांचं १३ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया, त्यावर डॉक्टरांकडून औषध घ्यायचं. शाकाहारी असाल तर बी१२ पण बघून घ्या.

आता रविवार संध्याकाळ. यावर मी जास्त बोलणार आहे कारण याबद्दल कोणी सांगत नाही. पुण्यातल्या बऱ्याच मेस रविवारी रात्री बंद असतात. दुपारी फीस्ट झाली की झोप लागते, साडेसहाला जाग येते तेव्हा रूममध्ये अंधार झालेला असतो, पार्टनर गावाला गेलेला, दोरीवर कपडे अजून ओलेच, आणि तेवढ्यात आईचा फोन, जेवलास का, आपण हो म्हणून टाकतो आणि मग वडापाव नाहीतर मॅगी. घरची आठवण, सोमवारचं सबमिशन, वर्गात इंग्लिशमध्ये काय चाललंय ते कळत नाही याची भीती, सगळं नेमकं त्याच वेळी डोक्यात येतं. नवीन मुलांपैकी कितीतरी जण पहिल्यांदा रडतात ते याच वेळी, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. पण ही वेळ एकट्याने काढायची नाही हे पहिल्याच आठवड्यात ठरवून टाका. रूमवर स्वयंपाकाची परवानगी असेल तर तिघा-चौघांनी मिळून खिचडीचा कुकर लावा, नसेल तर एकत्र बाहेर जेवा, आणि त्याआधी चारच्या सुमाराला टेकडीवर जाऊन या. फर्ग्युसनच्या मागची हनुमान टेकडी आहे, चतु:शृंगी आहे, वेताळ टेकडी आहे, सहकारनगरच्या बाजूला राहत असाल तर तळजाई, जी जवळ पडेल ती. पैसे लागत नाहीत, जिम लागत नाही, आठवड्यात एकूण अडीच तास भरभर चाललात तरी तुमच्या वयाला पुरेल एवढा व्यायाम होतो, झोपही चांगली लागते. फक्त एकटे जाऊ नका आणि अंधार पडायच्या आत खाली या.

पाण्याचं मात्र सिरियसली घ्या. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या भागात जीबीएसचे, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातपाय कमजोर पडतात त्या आजाराचे, पेशंट वाढले होते तेव्हा मुख्य संशय दूषित पाण्यावरच होता. बऱ्याच सोसायट्यांत, हॉस्टेलांत पाणी टँकरचं असतं, प्युरिफायर असला तरी त्याचं फिल्टर शेवटचं कधी बदललं ते मालकाला विचारा, विचारायला लाजू नका, भाडं देताय तुम्ही. खात्री नसेल तर उकळून प्या, खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट तरी राहू द्या. जुलाब लागले तर ओआरएसचं पाकीट, ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. जुलाब होऊन गेल्यावर काही दिवसांनी पायात मुंग्या यायला लागल्या, जिना चढताना पाय साथ देईनात असं झालं तर झोपून बरं होईल म्हणून थांबू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल.

पावसाळ्यात आणि नंतर दिवाळीपर्यंत डेंगी असतोच. तो डास दिवसा चावतो आणि स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, म्हणून बाथरूममधली बादली, कुंडीखालची ताटली, खिडकीबाहेरचे डबे आठवड्यातून एकदा रिकामे करून घासायचे. ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंग मोडून येणं असं असेल तर फक्त पॅरासिटामॉल, पाकिटावर लिहिलंय किंवा डॉक्टरांनी सांगितलंय तेवढाच डोस. मेडिकलवाल्याकडून कॉम्बिफ्लाम आणून खाऊ नका, त्यात आयब्युप्रोफेन असतं आणि डेंगीत त्याने रक्तस्राव वाढू शकतो, ॲस्पिरिनचंही तेच. आणि हे नीट लक्षात ठेवा, डेंगीत धोका बरेचदा ताप उतरतो तेव्हा सुरू होतो. ताप गेला म्हणून पोरं लेक्चरला जातात, आणि त्याच वेळी पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त असं काही दिसलं तर ॲडमिट व्हायची वेळ आलेली असते. १०८ ला फोन केला की ॲम्ब्युलन्स येते, फुकट.

म्हणून पहिल्या आठवड्यातच रूमपासून चालत जाता येईल असा एक फॅमिली डॉक्टर बघून ठेवा, रात्री उघडं असणारं जवळचं हॉस्पिटल माहीत करून घ्या. विद्यापीठाच्या कॅम्पसमध्ये असाल तर तिथलं आरोग्य केंद्र कुठे आहे ते बघून या. मोठं काही असेल आणि पैशांची अडचण असेल तर स्टेशनजवळ ससून आहे, गर्दी असते, केसपेपर काढायला थांबावं लागतं, पण स्पेशालिस्ट मिळतात आणि मानसोपचाराची ओपीडीही तिथे आहे.

झोपेचं थोडक्यात सांगते. सात-आठ तास हवेतच, आणि संध्याकाळी सातला घेतलेल्या कॉफीतलं जवळजवळ निम्मं कॅफिन रात्री बारालाही अंगात असतं, त्यामुळे झोप येत नाही म्हणून रील बघत बसायच्या आधी ती कॉफी बंद करून बघा.

मनाचं. पहिले काही आठवडे करमत नाही, ते बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. पण दोन आठवड्यांहून जास्त रोज उदास वाटतंय, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नाही, अंघोळ आणि जेवणसुद्धा टळतंय, तर तो आळस नाही, आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. आपली बोली वेगळी म्हणून कोणी हसलं आणि तेव्हापासून वर्गात तोंडच उघडत नाही, अशी मुलं मी पाहिलीत, हुशार होती सगळी. घरी सांगता येत नाही कारण बापाने कर्ज काढून पाठवलेलं असतं, हे मला कळतं. मग निदान कॉलेजच्या काउन्सेलरशी बोला, किंवा टेलिमानसला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. उपचारांची माहिती गुप्त ठेवली जावी हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे. रॅगिंगचा त्रास असेल तर १८००-१८०-५५२२. दारू-सिगरेटने टेन्शन जातं असं सांगणारे सिनियर भेटतीलच, त्यांना नाही म्हणा, आणि सवय लागलीच असेल तर १९८६ पासून याच कामात असलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र पुण्यातच आहे.

रूम पार्टनर एकदम गप्प झाला, वस्तू वाटून टाकायला लागला, मी नसलो तरी काय फरक पडतो असं बोलला, तर सरळ विचारा, आत्महत्येचे विचार येतायत का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, तुमच्याच फोनवरून १४४१६ लावून द्या, वॉर्डनला उठवा, कितीही वाजले असले तरी, आणि लगेच जिवाला धोका वाटला तर ११२.

आणि आज रात्रीच एक काम करा, रूममधल्या सगळ्यांनी एकमेकांच्या घरचे नंबर, ब्लड ग्रुप आणि कोणाला कशाची ॲलर्जी आहे ते एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, फोन लॉक असतो, कागद नसतो.