घरच्या लग्नात रोमँटिक कॉमेडी शूट करायची असन तर

मागच्या उन्हाळ्यात मावसबहिणीचं लग्न होतं दारव्ह्याकडं, तिथं आम्ही चार पोट्ट्यांनी मोबाईलवर 14 मिनिटाची लव्हस्टोरी काढली. तेव्हापासून ज्याच्या घरी साक्षगंध होते तो फोन करून विचारते का भाऊ कसं केलं बे तुम्ही. तर एकदाचं सांगूनच टाकतो.

सगळ्यात आधी हे समजून घ्या का लग्न तुमच्यासाठी थांबत नाही. मांडव, लायटिंग, डीजे, नवे कपडे घालून आलेले पाचशे लोकं, हा सेट पैसे देऊन लावायचा म्हटला तर वावर विका लागन, तो फुकटात भेटून राह्यला, पण रिटेक नाही. म्हणून स्टोरी नवरदेव-नवरीची ठेवूच नका, त्यायले दिवसभर मरायची फुरसत नसते. आमचा हिरो वाढपी होता, नवरीकडचा, अन् हिरोईन नवरदेवाच्या वऱ्हाडातली. वाढपी कुठंही फिरू शकते, त्याले कोणी विचारत नाही.

मंग एक वही घ्या अन् दोन पानं करा. एका पानावर जे एकदाच होते ते, म्हणजे मामा नवरीले घेऊन येणं, अंतरपाट, अक्षता, कानपिळी, पाठवणी. दुसऱ्या पानावर बाकी सारं. पहिल्या पानावर डायलॉग ठेवायचे नाहीत, एकही नाही. तिथं फक्त बघणं. आम्ही अक्षतांचा एक शॉट घेतला, सगळ्यांच्या अक्षता स्टेजकडं अन् हिरोच्या दरवेळी हिरोईनच्या डोक्यावर, ती मांगं वळून पाहते तर हा हात जोडून उभा. पाचवं मंगलाष्टक होईपर्यंत आम्ही नुसते लोकांचे चेहरे घेत होतो, शेवटच्या 'सावधान'ले हा शॉट जमला.

खरी मजा पंगतीत आहे, अन् पंगतीचं एक बरं असते, पाच-सहा पंगती उठतात अन् दरवेळी तेच आलू-वांगं, तेच वरण-भात, तीच बुंदी. म्हणजे रिटेक आयताच. सीन साधा होता, आग्रहाचा. "घ्या न." "नको." "एकच." "म्हटलं न नको." "बरं, मंग उद्या?" अन् लगेच बाजूच्या काकाले त्याच सुरात "घ्या न काका, एकच", काका म्हणे दोन दे. डायलॉग म्हणून काही लिहायचंच नाही, वाढताना माणूस जे बोलते तेच ठेवा, अर्थ लोकं आपोआप लावतात. फक्त ताटाचा फोटो काढून ठेवा दरवेळी, नाहीतर एका शॉटमध्ये बुंदी डावीकडं अन् दुसऱ्यात गायब. आमची हिरोईन तीन पंगतीले बसली तर तिची मावशी म्हणे पोरीले घरी जेवाले देत नाही असं वाटते लोकाले.

अॅक्टिंगसाठी नातेवाईकच घ्या, पण नाटकवाला जपून. आमच्याकडं एक पाहुणे वडश्याकडचे, झाडीपट्टीच्या, म्हणजे तिकडं पूर्व विदर्भातल्या, नाटकात काम केलेले, त्यायचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचायची सवय असलेला, मोबाईल दोन फुटावर. "दादाजी हळू" म्हणता म्हणता तास गेला. शेवटी त्यायले माईकवर बसवलं, आलेल्या पुढाऱ्यायची नावं घ्यायला अन् जेवल्याशिवाय कोणी जाऊ नये म्हणायला, तिथं ते हिट झाले.

आता उजेड. एप्रिल-मे म्हणजे पारा 44-45, दुपारी चेहऱ्यावर नुसती काळी सावली अन् मोबाईल गरम होऊन बंद. फ्रिजमध्ये ठेवू नका, आतून ओल धरते, कूलरसमोर ठेवा अन् कव्हर काढा. लग्न गोरज मुहूर्तावर असन तर लॉटरीच समजा, तो उजेड पैसे देऊनही भेटत नाही, पण पाऊण तासही टिकत नाही अन् नवरदेव तोवर मारुतीच्या देवळाजवळ नाचतच असते. म्हणून हिरो-हिरोईनचा सीन आधी उरकून घ्या. रात्री लायटिंग व्हिडिओत फडफड करते, तेव्हा कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये, जिथं सेटिंग हातानं करता येते, शटर 1/50 सेकंद ठेवा, आपली विजेची लाईन 50 हर्ट्झची आहे अन् लाईट त्याच हिशोबानं लुकलुकते म्हणून. जनरेटर चालू असन तर तरीबी फडफडू शकते, मंग बल्बकडं तोंड करू नका.

आवाजाचं सांगायलाच नको. डीजेपुढं कोणताच माईक टिकत नाही, अन् डीजेवरचं पिक्चरचं गाणं मांगं आलं का यूट्यूबवर कॉपीराइट क्लेम येते. आम्ही डायलॉग रात्री डब केले, बिछायत केंद्राच्या, म्हणजे मांडववाल्याच्या, गाद्या ज्या खोलीत रचल्या होत्या तिथं, गाद्यायमुळं आवाज घुमत नाही. मोबाईल तोंडाजवळ धरा, बस.

परवानगी नवरीच्या बापाले नाही, मोठ्या आत्याले मागा. आत्या हो म्हटली का सारे हो. अन् पैसे घेऊन आलेल्या व्हिडिओ शूटिंगवाल्याच्या फ्रेममध्ये घुसू नका, त्याचं पोट आहे ते, उलट त्याच्या लाईटच्या बाजूनं उभे राहा, उजेड तुमच्याही कामाचा.

राहिलेले क्लोजअप दुसऱ्या दिवशी सकाळी, मांडव उभा असते तोवर. बिछायतवाल्याले आदल्या रात्रीच सांगून ठेवा का भाऊ, दहा वाजेपर्यंत सोडू नको. हिरोचा शर्ट मात्र धुवू देऊ नका. आमच्या हिरोच्या आईनं धुतला, हळदीचा डाग गेला, मंग सकाळी सकाळी हळद कालवून तोच डाग त्याच जागी लावत बसलो.