शौचालय, उकिरडा आणि विहीर : घाण पाण्यात कुठून येते आणि ती वाट कशी बंद करायची

विहिरीचं पाणी नितळ दिसलं, चवीला गोड लागलं, तरी त्यात मैल्यातले जंतू असू शकतात. म्हणून टीसीएलचा (जंतू मारणाऱ्या, क्लोरीनवाल्या ब्लीचिंग पावडरचा) डबा उघडण्याआधी टेप घेऊन विहिरीभोवती फेरी मारा.

शोषखड्डा, उकिरडा, गोठा यांचं विहिरीपासूनचं अंतर मोजा. ते ३० मीटर हवं. खडक भेगाळलेला असेल तर तेवढंही पुरत नाही. मातीतून झिरपताना बरेच जंतू अडकतात, मरतात. भेगेतून मात्र मैलापाणी गाळलं न जाता सरळ वाहत येतं. खोलीकडे तर हमखास दुर्लक्ष होतं. खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या पाणीपातळीच्या किमान १.५ मीटर वर हवा. उन्हाळ्यात खणलेला खड्डा कोरडाठाक दिसतो आणि पावसाळ्यात तोच भूजलात बुडतो. पाणी वर लागत असेल, तर खड्डा उथळ ठेवा आणि शौचालयाचा चौथरा उंच बांधा.

हातपंपाच्या ओट्यावर बादलीभर पाणी ओता. ते नालीकडे न जाता पाइपाच्या बुडाशी जिरलं, तर त्याच फटीतून रोजचं सांडपाणी आत उतरतंय. फट खरवडून सिमेंटनं भरा. विहिरीला कठडा, भोवती मीटरभर रुंद उतरता ओटा आणि आतून वरचे ३ मीटर पक्का गिलावा हवा. पोहरा टांगूनच ठेवा.

आता टीसीएल. विहिरीचा व्यास × व्यास × पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये) × ७८५ म्हणजे लिटर. व्यास ३, खोली ४ असेल तर २८,२६० लिटर. हजार लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे साधारण ७० ग्रॅम पावडर. हे माप ताज्या पावडरचं; ओल लागलेलीचा जोर गेलेला असतो. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, पाऊण बादली भरा, १० मिनिटं निवळू द्या. वरची निवळीच विहिरीत सोडून ढवळा. तळाचा चुना गेला तर पाणी जड होतं. तासाभरानं उरलेला क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅम मिळायला हवा. कमी भरला, तर पाण्यातल्या घाणीनंच तो खाल्लाय. मात्रा वाढवून पुन्हा तपासा.

उकिरड्यातून, शोषखड्ड्यातून उतरलेलं नायट्रेट (मलमूत्र कुजून बनणारा, पाण्यात विरघळणारा क्षार) मात्र टीसीएलनं जात नाही. पाणी उकळलं तर त्याचं प्रमाण उलट वाढतं. लिटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघालं, तर सहा महिन्यांखालच्या बाळाचं पावडरचं दूध त्या पाण्यात मुळीच कालवू नका. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते, बाळ निळं पडतं. उकिरडा आज हलवला तरी जमिनीत मुरलेलं नायट्रेट लगेच ओसरत नाही. तपासणीत प्रमाण उतरेपर्यंत बाळासाठी दुसरीकडचं, तपासलेलं पाणी आणा.