ललिता पवारांची कारकीर्द पाहायची कशी?

ललिताबाईंचं नाव निघालं की 'खाष्ट सासू' एवढं म्हणून लोक मोकळे होतात. मला ते मनापासून खटकतं. मूकपटांपासून दूरदर्शनपर्यंत काम केलेली ही चरित्र अभिनेत्री नीट बघायची, तर क्रम लावून बघा.

सासूपासून सुरुवात नको. आधी १९५५चा 'श्री ४२०' लावा. त्यात त्या केळी विकणारी गंगामाई आहेत. मग १९५९चा 'अनाडी'. घरमालकीण मिसेस डिसा भाडेकरू राज कपूरवर डाफरतात, तो प्रसंग एकदा नेहमीसारखा बघा आणि लगेच आवाज बंद करून पुन्हा बघा. तोंडाने चाललेला राग ऐकू येईनासा झाला की नजरेतली माया दिसायला लागते. फिल्मफेअर मिळालं ते याच कामासाठी, आणि ते अगदी योग्य होतं.

आता डोळ्याबद्दल. १९४२मध्ये एका चित्रपटाच्या चित्रीकरणात त्यांना थोबाडीत इतकी जोरात बसली, की चेहऱ्याला पक्षाघात झाला. उपचारांत काही वर्षं गेली, डावा डोळा कायमचा अधू झाला आणि नायिकेच्या भूमिका संपल्या. हे ठाऊक असू द्या, पण हळहळत बसू नका. त्या डोळ्याचं त्यांनी काय केलं ते शोधा. 'अनाडी'नंतर लगेच १९५०चा 'दहेज' बघा. तोच डोळा इथे सुनेच्या अंगावर काटा आणतो.

वही ठेवत असाल तर प्रत्येक चित्रपटापुढे एकच गोष्ट लिहा: पडद्यावर आल्या आल्या बाईंनी पहिल्यांदा काय केलं? कथानक लिहू नका, ते कुठेही मिळतं.

१९६२चा 'प्रोफेसर' चुकवू नका. करड्या शिस्तीची पालक बाई म्हाताऱ्याच्या वेषातल्या शम्मी कपूरवर भाळते. प्रौढ बाईचं लाजणं किती सहज हास्यास्पद झालं असतं! ललिताबाई त्या बाईची शान राखतात.

शेवटी १९८७च्या 'रामायण' मालिकेतली मंथरा. वय सत्तरीचं. इथे क्लिप बघून भागवू नका, पूर्ण भाग लावा. कैकेयीचे कान भरतानाचे संवाद सगळ्यांना आठवतात. तुम्ही मात्र कैकेयी बोलत असताना ऐकणाऱ्या मंथरेकडे बघा.